म्हैस योजनेतून मिळेल. ती चारायची कुठे?

सावद्याचा गुरांचा बाजार खान्देशात म्हशींसाठी ओळखला जातो. जाफराबादी, मुऱ्हा, गावठी अशी सगळी जनावरे दाव्याला उभी असतात. कास पाहून, दात मोजून, शिंगाची ठेवण बघून भाव ठरतो. बाजारातून बाहेर पडले की चारही दिशांना केळी. रावेर आणि यावल तालुक्यांचा हा पट्टा देशाला केळी पुरवतो, सावद्याच्या रेल्वे स्टेशनवरून ती उत्तरेत गेली आहे. या हिरव्यागार मुलखात एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही, ती म्हणजे गुरे मोकळी चरतील अशी जागा. बाजारात लाखाच्या आसपास भाव असलेली म्हैस विकत घ्यायची आणि घरी नेऊन पत्र्याखाली दोन हाताच्या दावणीला बांधायची, हाच इथला दुग्धव्यवसाय आहे.

‘शाश्वत दुग्धव्यवसाय’, ‘चराऊ पद्धतीचे दूध’, ‘मुक्त संचार’ हे शब्द हल्ली कृषी प्रदर्शनांत आणि यूट्यूबवर फार ऐकू येतात. बौद्ध तरुणांना वाटते, हा आपला विषय नाही. हा बागायतदारांचा आणि गोसेवावाल्यांचा विषय. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे. जनावर चरायचे कुठे, हा प्रश्न भूमिहीनांचा आहे, आणि खान्देशातला भूमिहीन म्हणजे कोण हे वेगळे सांगायला नको.

आधी योजनेचे बघू. पशुसंवर्धन विभागाच्या दुधाळ जनावरांच्या गट वाटप योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान आहे. गायीची किंमत ७० हजार आणि म्हशीची ८० हजार रुपये धरली जाते. दोन म्हशींचा गट म्हणजे १ लाख ६० हजार, वर विमा. पंचवीस टक्के हिस्सा आपला, तो चाळीस हजारांच्या पुढे जातो. बचत गटातून, नातेवाइकांकडून, कधी सावकाराकडून तो उभा केला जातो. अर्ज, निवड यादी, कागदपत्रे यांत वर्ष जाते. शेवटी म्हशी दारात येतात, फोटो निघतो.

दोन-तीन वर्षांनी त्याच वस्तीत जाऊन बघा. गोठा रिकामा असेल, किंवा दोनातली एक म्हैस विकून दुसरी सांभाळली जात असेल. अधिकारी म्हणतात, ‘या लोकांना जनावर ठेवता येत नाही.’ हे वाक्य आपल्यातल्या शिकलेल्या पोरांच्याही तोंडी येते, म्हणून हिशेब मांडून दाखवणे भाग आहे.

चारशे-पाचशे किलो वजनाच्या दुभत्या म्हशीला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. त्यावर पेंड किंवा सुग्रास लागते: शरीराच्या पोषणासाठी किलो-दीड किलो आणि दर दोन-अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. दुग्धव्यवसायाच्या एकूण खर्चात चारा आणि खाद्याचा वाटा ६० ते ७० टक्के असतो, हे कोणताही पशुवैद्यक सांगेल. आता ज्याच्याकडे विहीर आहे तो दहा गुंठ्यांत ‘फुले जयवंत’सारखे संकरित नेपियर लावतो, आणि तेवढ्यात दोन जनावरांचा हिरवा चारा वर्षभर निघतो. त्याचा कडबा घरचा, मका घरचा. ज्याच्या नावावर दहा गुंठेही नाहीत, तो पेंडही विकत घेतो, कडबाही विकत घेतो आणि उन्हाळ्यात हिरवी वैरणही विकत घेतो. दुधाचा भाव दोघांना सारखाच. मग फायदा कोणाला आणि तोटा कोणाला? म्हैस आटली की सहा-सात महिने दूध शून्य, खाणे मात्र चालू. त्या काळात ती विकली जाते. यात जनावर ठेवता येण्या-न येण्याचा काही संबंध नाही. अनुदान जनावराच्या खरेदीला आणि विम्याला आहे, त्याच्या तोंडात रोज जे घालायचे त्याला नाही.

बंदिस्त गोठ्याची पद्धत ही मुळातच जमीन आणि भांडवल असलेल्याची पद्धत आहे. १९७० साली ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली, उरुळी कांचनच्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी संकरित पैदास गावोगाव नेली, होल्स्टिन आणि जर्सीच्या गायी आल्या. दूध वाढले, यात वाद नाही. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३९ दशलक्ष टनांवर गेले आणि या दुधाचा मोठा भाग दोन-चार जनावरे असलेल्या लहान माणसांकडूनच येतो. पण संकरित गाय माळावर चरून दूध देत नाही. तिला सावली, पंखा, फॉगर, पेंड, औषध सगळे लागते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. थंड हॉलंडच्या वंशाची गाय या उन्हात धापा टाकते. म्हशीचे वेगळे: काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला डुंबायला पाणी हवे. सिमेंटच्या फरशीवर बारा महिने बांधलेल्या जनावराचे खूर वाढतात, कासेचे आजार येतात, माज ओळखू येत नाही, गाभ जात नाही. हा सगळा खर्च औषधांच्या बिलात दिसतो.

म्हणून ‘मुक्त संचार गोठा’ आला. कुंपण घालून जनावरे आत मोकळी सोडायची, मध्ये पाण्याची टाकी, कडेला गव्हाण. पश्चिम महाराष्ट्रात आणि खान्देशातही अनेकांनी तो केला आणि त्यांची मजुरी वाचली, जनावरे सुधारली. चांगली गोष्ट आहे. पण त्यालाही जागा लागते, आणि चारा तोडूनच आणावा लागतो. दीड खोलीच्या घरकुलापुढे मुक्त संचार कसा करायचा?

न्यूझीलंड, आयर्लंड हे देश गवतावर दूध काढतात म्हणून त्यांची उदाहरणे दिली जातात. तिथे बारमाही पाऊस आणि बारमाही गवत. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. जुलैपासून दिवाळीपर्यंत माळ हिरवा, मग पिवळा, फेब्रुवारीनंतर उघडा. आयर्लंडचा नमुना उचलून सावद्यात लावता येणार नाही, आणि तसे सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

त्यापेक्षा शेजारच्या गुजरातकडे पाहावे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात मालधारी लोक म्हशी रात्री चरायला सोडतात. दिवसा ऊन टळते, रात्री म्हैस स्वतः माळ शोधते आणि पहाटे धारेला घरी येते. ‘बन्नी’ ही म्हशीची स्वतंत्र जात म्हणून २०१० मध्ये नोंदली गेली. पाऊस सातशे सोडाच, त्याच्या निम्माही धड नाही, तरीही तिथल्या म्हशीला बाजारात चांगला भाव येतो. कारण तिथे जमीन सामाईक राहिली. तिथेही भांडण आहेच. वेड्या बाभळीने गवत गिळले आणि वनखाते व मालधारी यांच्यात हक्कांचा वाद चालू आहे. पण चराऊ दुग्धव्यवसाय भारताच्या कोरड्या मुलखात शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर तिथे उभे आहे.

खान्देशाची स्वतःची परंपराही काही कमी नाही. काठेवाडी गवळी त्यांच्या गायी-शेळ्यांचे कळप घेऊन जळगाव जिल्ह्यात हिंडतात, साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन चालतात. दादरच्या कडब्यावर इथली जनावरे उन्हाळा काढत. माळावर मारवेल, पवन्या, डोंगरी गवत असे; कुसळ शिल्लक राहिले की समजायचे माळ जास्त चारला गेला. दादर कापसाने आणि मक्याने मागे सारली, खालच्या काळ्या जमिनीत केळी आली. आता चाराटंचाईत केळीचे खोड कुट्टी करून घालतात. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. पोट भरते, पण नुसत्या खोडावर जनावर दूध देत नाही.

मग भूमिहीन घरातली बाई काय करते? पहाटे विळा आणि फडके घेऊन केळीच्या बांधावर जाते. बागायतदाराची परवानगी असेल तर गवत कापते. त्या परवानगीची किंमत असते. निंदणीच्या दिवसांत त्याच्याच शेतात, तो म्हणेल त्या रोजाने जावे लागते. आणि गावात काही झाले, १४ एप्रिलच्या मिरवणुकीवरून, पंचायतीच्या निवडणुकीवरून, एखाद्या मुला-मुलीच्या लग्नावरून, तर पहिली बंदी या बांधावर येते. ‘उद्यापासून आमच्या बांधावर पाय ठेवायचा नाही.’ बहिष्कार पोलिसांच्या कागदावर येईपर्यंत दावणीची म्हैस उपाशी असते. आता तर बांधांवर तणनाशक मारले जाते, तेव्हा बंदी घालण्याचीही गरज उरली नाही.

मंडळी, जातीचा आणि दुधाचा संबंध इतकाच नाही. मेलेले जनावर आमचे आणि जित्या जनावराचे दूध दुसऱ्याचे, अशी वाटणी या देशात होती. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते पाळले, उपासमार सोसून पाळले. जित्या जनावराकडे जाण्याची वाट मात्र तेवढी मोकळी झाली नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची अस्पृश्यतेविषयी पाहणी केली, ती २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली. जवळपास निम्म्या गावांत दलितांना गावच्या दूध सोसायटीला दूध घालण्यास अडथळा असल्याचे तीत नोंदले आहे. जळगावात परिस्थिती तितकी वाईट नसेल. सोसायटीच्या काट्यावर फॅट बघतात. पण घरोघरी रतीब घालून लिटरमागे चार पैसे जास्त मिळवायचे म्हटले की आपल्या घरचे दूध गावात कोण घेते, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरते तपासून पाहावे.

गायरान कोणाचे?

चराऊ जमिनीचा प्रश्न नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात इंग्रजांच्या जंगल खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने बंद करून गरिबाच्या शेरडा-गुरांचे तोंड बांधले, यावर त्यांनी कडक टीका केली आहे. दीडशे वर्षे होत आली, कुंपण घालणारा बदलला एवढेच.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. तीच गायरान. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यावरून महाराष्ट्र सरकारने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत गायरानावरील अतिक्रमणे वर्षाअखेर हटवण्याचे निर्देश दिले. त्या वेळी न्यायालयापुढे आलेली आकडेवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे. राज्यात गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर; त्यावर २ लाख २२ हजार १५३ बांधकामे; पण अतिक्रमित क्षेत्र १० हजार ८९ हेक्टर, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. नोटिसा कोणाच्या दारावर चिकटल्या? भूमिहीन, भटके, आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांच्या. वंचित बहुजन आघाडीने जुलै २०२३ मध्ये मुंबईत गायरानाच्या प्रश्नावर मोर्चा काढला तो यामुळेच.

या सव्वादोन टक्क्यांवर एवढा गदारोळ, मग उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णव टक्के गायरानावर गवत का नाही? हा प्रश्न कोणीही विचारत नाही. त्यातले किती मुरूम उपसून खड्डे झाले, किती शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याने दर नांगरटीला चार-चार फूट आत घेतले, किती वेड्या बाभळीखाली आहे, याची मोजणी हवी. झोपडी दिसते, सरकलेला बांध दिसत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी जगपाल सिंग निकाल एकदा पूर्ण वाचावा. अतिक्रमण काढा म्हणताना त्याच निकालात अपवाद सांगितला आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिला असेल, किंवा जमिनीवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येते. महाराष्ट्रात तर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचा तो निर्णय. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने या निर्णयावर गावोगाव लढा दिला. खान्देशात तेवढी बांधणी झाली नाही, हे कबूल करावे लागेल, जरी दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहात खान्देश पुढे होता आणि १९६४-६५ च्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले तरी.

आता एक अवघड गोष्ट, जी आपण आपापसात फारशी बोलत नाही. गायरान कसणारा बौद्ध आणि गायरानावर शेळी-म्हैस चारणारा बौद्ध हे दोघे एकाच वस्तीत राहतात. पट्टे मागणारी चळवळ नांगरलेल्या जमिनीसाठी होती, आणि ते बरोबरच होते. अन्नाचा प्रश्न आधी. पण सगळे गायरान नांगरले गेले तर वस्तीतल्या ज्या घराला पट्टा मिळाला नाही, ज्यात बहुधा विधवा, परित्यक्ता, उशिरा परतलेले स्थलांतरित असतात, त्यांच्या शेळ्या कुठे जातील? पर्यावरणवाले म्हणतात अतिक्रमण हटवा, गवत वाचवा. आपण म्हणतो पट्टा द्या. माझे मत असे: १९९० पूर्वीची वहिती आणि राहती घरे यांना हात लावता कामा नये, ती नावावर झालीच पाहिजेत. पण उरलेल्या जमिनीवर नवीन नांगर घालण्यापेक्षा ते गवत भूमिहीनांच्या ताब्यात घेण्याची मागणी अधिक पोटाची आहे. दोन एकर मुरमाड माळ एका घराला वर्षात एक हलके पीक देईल. असा वीस एकर माळ राखला तर तो दहा-पंधरा घरांच्या शेळ्या आणि वासरे पावसाळाभर सांभाळेल, आणि कापलेले गवत पुढे काही महिने पुरेल.

सबळीकरण योजनेतून जमीन मिळेल, असे कोणी म्हणेल. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे, २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे: चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाखांची मर्यादा. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात या भावात जमीन कोण देतो ते सावद्याच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारा.

पटलांचे कुंपण आणि पन्नास रुपये

गायरानावर नवा दावेदार आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये आली. शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी गावाजवळ सौर प्रकल्प उभे करायचे, आणि त्यासाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने द्यायची. दिवसा वीज ही शेतकऱ्याची जुनी आणि रास्त मागणी आहे. रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी भरणारे सालदार आपलेच आहेत. पण सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. खासगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. गायरान घेतले तर चारणाऱ्याला काय? तो मालक नाही, त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही, म्हणून त्याचे नुकसानही नाही. वीज मिळते विहीर असलेल्याला. ग्रामसभेचा ठराव होतो तेव्हा वस्तीतले लोक कामावर असतात.

दुसरीकडे ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. दिवसाला पन्नास म्हणजे वर्षाला अठरा हजार रुपये. हेच पन्नास रुपये भूमिहीन बाईच्या दावणीच्या आटलेल्या म्हशीला मिळाले असते, तर ती म्हैस विकावी लागली नसती. पण म्हैस माता नाही, आणि ती बाई गोशाळा नाही. दुधाच्या अनुदानाचेही तसेच. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला आधी लिटरमागे ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान आले, तेही डेअरीला दूध घालणाऱ्याला, टॅगिंग आणि बँक खाते जुळले असेल तर. रतीब घालणारा आणि म्हैसवाला त्यात बसतच नव्हता.

भूमिहीन माणूस तरीही म्हैस का निवडतो? त्याचे उत्तर कायद्यात आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण सुधारणा कायदा लागू झाला आणि गायीबरोबर बैल, वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारी गाय, निकामी बैल यांची किंमत शून्य झाली. म्हैस त्या बंदीत नाही, म्हणून अडीनडीला तिचे पैसे होतात. गरिबाची ती बँक आहे. २०२५ मध्ये कुरेशी समाजाने गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा बाजार कसे बसले हे शेतकऱ्यांनी पाहिले. म्हशींच्या गाड्याही अडवल्या जात होत्या. जुलै २०१६ मध्ये उनाला मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना मारहाण झाली, त्यानंतरच्या आंदोलनात गायीचे शेपूट तुम्हीच धरा, आम्हाला पाच एकर जमीन द्या, ही मागणी पुढे आली. जनावर आणि जमीन या दोन गोष्टी एका दमात मांडणारी ती अलीकडची सर्वांत नेमकी मागणी होती. महाराष्ट्रात आपण ती उचलली नाही.

चराईत धोके नाहीत असे समजू नये. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीतली राज्यातली पहिली नोंद ४ ऑगस्ट रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली, सावद्यापासून हाकेच्या अंतरावर. माशा, गोचीड यांतून तो पसरतो. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक थांबली. मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार भरपाई ठरली. एकत्र चरणाऱ्या कळपात लसीकरण नसेल तर एक आजारी जनावर सगळ्यांना बुडवते. बंदिस्त गोठ्यातलीही जनावरे गेली, पण कळपाला शिस्त लागतेच. मोकाट सोडणे म्हणजे चराई नव्हे. आज या भागात, उद्या त्या भागात, पाऊस पडल्यावर पहिले चार-सहा आठवडे माळाला विश्रांती, हे पाळले तरच मारवेल-पवन्या परत येतात. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत वाढवले आणि कापून नेण्याची पद्धत लावली. गवत आणि दूध दोन्ही वाढले. मात्र चराईबंदीचा ठराव करताना शेळीवाल्यांना विळा आणि वाटा दोन्ही मिळाले की नाही, हे पाहणे आपले काम.

भगवान बुद्धांना हे काम परके नव्हते. मज्झिम निकायातल्या महागोपालक सुत्तात गुराख्याच्या अकरा गुणांची गणना आहे. जनावराची जखम बांधणे, माशांची अंडी काढणे, गोठ्यात धूर करणे, उतार आणि पाणवठा ओळखणे, चरण्याची जागा ठाऊक असणे, आणि शेवटचा थेंब पिळून न काढणे, वासरासाठी राखून दोहणे. हे भिक्षूंना दृष्टान्त म्हणून सांगितले आहे, पशुपालनाचे पुस्तक म्हणून नाही. पण दृष्टान्त देणाऱ्याने गुराखी जवळून पाहिला होता, हे उघड आहे. पालीत भिक्षूच्या वावराच्या क्षेत्राला ‘गोचर’ म्हणतात, तो शब्दही गायीच्या चरण्यावरूनच आला.

खान्देशात आपल्या स्मृतीची एक जागा तर चक्क कुरणात आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखाली वनखात्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते, हजारो लोक येतात. तेव्हा श्रावणाच्या आगेमागे कुरण गुडघाभर हिरवे असते. राखले तर खान्देशाच्या माळावर गवत कसे येते, हे दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण आपण बंगला पाहून, फोटो काढून, गवत तुडवत परत येतो.

काय करता येईल, ते थोडक्यात. तलाठ्याकडे गाव नमुना १-ब म्हणजे सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनींची नोंदवही, आणि १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही असते. दोन्हींच्या नकला काढा, मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा. १-ई मध्ये आपल्या माणसांची १९९० पूर्वीची नोंद सापडली तर ती १९९१ च्या निर्णयासाठी सर्वांत भक्कम पुरावा; आणि त्याच वहीत बड्यांची नावे नसतील तर मोजणीची मागणी करायला आधार. सामाईक जमीन वापरू देण्यास जातीवरून अडवले तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो स्वतंत्र गुन्हा आहे, सामाजिक-आर्थिक बहिष्कारही आहे; बांधावरचे गवत खासगी असते, गायरानावरचे नसते, हा फरक तक्रार लिहिताना सोडू नका. सातपुड्याच्या पायथ्याला, पालकडच्या गावांत तडवी आणि पावरा बांधवांना वनहक्क कायदा, २००६ खाली चराईचा सामूहिक दावा करता येतो. इतर पारंपरिक वननिवासींनाही तो आहे, पण तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. आणि दुधाळ गटाची मागणी करताना तिच्याबरोबर चाऱ्याची जागा मागा: लाभार्थी महिलांच्या गटाला गायरानाचा ठरावीक तुकडा, मालकीने नव्हे तर गवत राखून कापण्याच्या हक्काने, कुंपण आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीतून.

या सगळ्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. मारवेलीचे ठोंब जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात लावावे लागतात, त्याआधी खड्डे आणि कुंपण झालेले असावे. म्हणजे ठराव १ मेच्या ग्रामसभेत हवा, आणि विषय पत्रिकेवर यावा म्हणून अर्ज एप्रिलमध्ये, जयंतीच्या गडबडीतच, ग्रामसेवकाच्या हातात पडलेला हवा. पोच घ्यायला विसरू नका.